गाण्यातील 'मी' आणि पडद्यावरील चेहरा : स्मरणात राहणाऱ्या म्युझिक व्हिडिओंविषयी

पाश्चात्त्य पॉप आणि कंट्री संगीतातील म्युझिक व्हिडिओ हा प्रकार आपल्याकडील समीक्षेने फारसा गांभीर्याने घेतलेला नाही. जाहिरात आणि चित्रपटगीत यांच्यामधले काहीतरी, असे समजून त्याची बोळवण केली जाते. हा प्रकार गाण्याची विक्री वाढावी म्हणूनच फोफावला, हे नाकारण्याचे कारण नाही. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली तेव्हा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या वाहिनीला व्हिडिओ पुरवीत होत्या, ते काही कलाप्रेमापोटी नव्हे. तथापि अशा असंख्य व्हिडिओंपैकी मोजकेच वीस-तीस वर्षांनंतरही लख्ख आठवतात आणि उरलेले त्यांच्या गाण्यांसह विरून जातात. हे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात काही निवडक व्हिडिओंच्या आधारे करावयाचा आहे.

या प्रश्नाची ठरावीक उत्तरे आहेत. खर्च, नृत्य, तंत्राची नवलाई आणि गायकाचे वलय ही त्यांतील मुख्य. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' (१९८३) या सर्वांचा एकत्रित दाखला म्हणून सांगितला जातो. जॉन लँडिस या चित्रपट-दिग्दर्शकाने केलेला सुमारे चौदा मिनिटांचा हा लघुचित्रपटच होय. त्याची आठवण टिकली यात शंका नाही. पण ती मुख्यतः पाहणाऱ्याच्या देहात टिकली, असे मला वाटते. खांदे उडवीत चालणारी ती प्रेते जगभरच्या स्नेहसंमेलनांत पोरांनी नाचून दाखवली. ज्या गोष्टीची नक्कल करता येते ती लक्षात राहते, हा स्मरणाचा एक साधा नियम आहे. मात्र त्यामुळे गाण्याच्या अर्थात काही भर पडते का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. येथे ज्या व्हिडिओंचा विचार करावयाचा आहे, त्यांनी गाण्याचा अर्थच बदलला आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे. भावगीतात 'मी' म्हणून बोलणारी व्यक्ती कोण, हे शब्द सहसा सांगत नाहीत. ते मोकळे ठेवलेले असते, म्हणूनच ऐकणारा त्या 'मी'त स्वतःला बसवू शकतो. स्मरणात राहणारा व्हिडिओ ही मोकळी जागा भरतो. हे शब्द कोणाचे, कोणत्या वयाचे, कोणत्या घरात उच्चारलेले, हे तो दाखवतो. आणि एकदा ते पाहिले की ते शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडी ऐकू येईनासे होतात.

मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. होनाजी बाळा किंवा रामजोशी यांच्या लावणीत बोलणारी स्त्री शाहिराने कल्पिलेली असते. तिला देह देते ती बैठकीत ती लावणी अदा करणारी कलावतीण. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी तिचा भाव पालटायचा, हे यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावतीच्या अदाकारीत पाहिलेल्यांना शब्दांचा मालक कसा बदलतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की बैठकीतील अदा त्या रात्रीपुरती असते, व्हिडिओतील अदा कायमची मुद्रित होते. हा फरक लहान नाही. त्याकडे शेवटी यावे लागेल.

या दृष्टीने सर्वाधिक विचार करण्याजोगे उदाहरण म्हणजे जॉनी कॅशचा 'हर्ट'. हे गाणे मुळात त्याचे नव्हे. नाइन इंच नेल्स या गटाच्या ट्रेंट रेझ्नरने ते लिहिले आणि १९९४ च्या 'द डाउनवर्ड स्पायरल' या संग्रहाच्या अखेरीस ते येते. तेथे बोलणारा तरुण आहे. स्वतःला इजा करून आपल्याला अजून काही जाणवते की नाही हे तपासणारा, व्यसनाच्या तळाशी पोचलेला. या मूळ गाण्याचाही व्हिडिओ होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. तो मैफलीत चित्रित झाला होता आणि गायकापुढील पडद्यावर युद्धाची, प्राण्यांच्या कलेवरांच्या कुजण्याची दृश्ये उमटत होती. दृश्ये भीषण होती. परंतु ती गाण्यातील वेदनेचे केवळ चित्र काढतात. वेदना कोणाची, हे सांगत नाहीत. शब्दांत जे होते तेच डोळ्यांना पुन्हा दाखवले गेले, आणि पुनरुक्ती स्मरणात राहत नाही.

रिक रुबिन या निर्मात्याच्या आग्रहाने कॅशने हे गाणे 'द मॅन कम्स अराउंड' या २००२ च्या संग्रहासाठी गायले. शब्द जवळजवळ तेच ठेवले. एका ठिकाणी मुकुटाच्या वर्णनात असलेला अपशब्द त्याने काढला आणि तो मुकुट काट्यांचा केला. श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाने केलेली ही सोज्वळ दुरुस्ती, असे प्रथम वाटते. व्हिडिओ पाहिल्यावर तिचे वजन कळते. दिग्दर्शक मार्क रोमानेक याने टेनेसी राज्यातील हेंडरसनव्हिल येथे कॅशच्या राहत्या घरी आणि जवळच्या 'हाउस ऑफ कॅश' या त्याच्या संग्रहालयात चित्रण केले. संग्रहालय बंद पडलेले होते, त्याची रया गेली होती. दिग्दर्शकाने ती झाकली नाही. प्रवेश बंद असल्याची पाटी, धूळ, फुटलेल्या काचेतील मानाची तबकडी, हे सारे तसेच पडद्यावर येते. त्यात जुन्या चित्रफितींचे तुकडे मिसळतात : आगगाडीवर चढणारा, कैद्यांपुढे गाणारा, काळ्या वेषातला दणकट कॅश. आणि ख्रिस्ताच्या क्रुसारोहणाची दृश्ये. ही दृश्ये कोठून तरी उसनी आणलेली नाहीत. कॅशने स्वतः काढलेल्या 'गॉस्पेल रोड' (१९७३) या चित्रपटातील ती आहेत. त्यामुळे बदललेल्या त्या एका शब्दाला आयुष्यभराची पार्श्वभूमी मिळते.

पण या व्हिडिओचे मर्म जुन्या दृश्यांत नाही, त्यांच्या शेजारी ठेवलेल्या चेहऱ्यात आहे. सत्तरीचा, आजाराने खंगलेला, कापऱ्या हातांचा माणूस फळे आणि उंची खाद्यपदार्थ मांडलेल्या मेजाशी एकटाच बसतो आणि पेल्यातील मद्य त्या अन्नावर ओततो. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी वैभवाची नश्वरता दाखवण्यासाठी अशीच भरलेली मेजे रंगवली होती. रोमानेकला ती परंपरा ठाऊक असणार, असे मानण्यास जागा आहे. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो जिन्यावर उभ्या असलेल्या जून कार्टर कॅश हिचा क्षण. ती काही बोलत नाही, गात नाही. गाणाऱ्या नवऱ्याकडे केवळ पाहते. गाण्यात ज्या 'तू'ला उद्देशून सर्व बोलणे चालले आहे, त्या 'तू'लाही येथे चेहरा मिळतो. तरुणाच्या गाण्यात तो 'तू' अनिश्चित होता. प्रेयसी, मित्र, कदाचित व्यसनच. येथे पस्तीस वर्षांचा संसार केलेली बायको आहे आणि तिच्या नजरेत जे आहे त्याला मी दया म्हणणार नाही. जून १५ मे २००३ रोजी गेली, कॅश त्याच वर्षी १२ सप्टेंबरला.

मरणोन्मुख माणसाच्या दुबळेपणाचे हे प्रदर्शन नव्हे का, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो, आणि तो हलका नाही. प्रेक्षकाला गलबलून टाकणे सोपे असते. जून आणि कॅश यांच्या मृत्यूच्या बातम्यांनी व्हिडिओच्या परिणामात भर घातली, हेही खरे. पण शेवटचे दृश्य पाहावे. कॅश पियानोचे झाकण लावतो आणि त्यावरून हात फिरवतो. वाद्य बंद करणारा तो स्वतः आहे, कॅमेरा नव्हे. कधी थांबायचे याचा निर्णय येथे गाणाऱ्याच्या हाती राहिला आहे. प्रदर्शनात तो राहत नाही. हा व्हिडिओ पाहिल्यानंतर हे गाणे आपले राहिले नाही, असे वाटल्याचे खुद्द रेझ्नरने सांगितले आहे. कवीनेच दिलेला हा अभिप्राय प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनास सर्वांत जवळचा आहे.

'नथिंग कंपेअर्स टू यू' या सिनेड ओ'कॉनरच्या व्हिडिओत (१९९०) साधने याहूनही कमी आहेत. गाणे प्रिन्सचे; १९८५ मध्ये 'द फॅमिली' या गटाने ते प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा ते विरहगीतांपैकी एक, एवढेच होते. जॉन मेबरी याच्या व्हिडिओत पॅरिसच्या सँ-क्लू उद्यानात चालणारी गायिका दिसते. पण ती दृश्ये वगळली असती तरी चालले असते. उरतो तो काळ्या पार्श्वभूमीवरचा, केस काढलेला, अगदी जवळून पाहिलेला चेहरा आणि अखेरीकडे ओघळलेले अश्रू. ते ठरवून आणलेले नव्हते. आई असा अर्थ घेता येईल असे एक संबोधन गाण्यात येते. त्या ओळीपाशी तिला १९८५ मध्ये अपघातात गेलेली आपली आई आठवली, असे तिने पुढे सांगितले. प्रियकराला उद्देशून लिहिलेले गाणे त्या क्षणी मुलीचे गाणे होते. हे कारण प्रेक्षकाला ठाऊक नसले तरी चेहऱ्यावर काहीतरी खरे घडले, हे त्याला कळते.

येथवरची उदाहरणे 'मी'ची. तृतीयपुरुषी गाण्याचे काय? कंट्री संगीताची परंपरा मुळात कथागीतांची असल्याने हा प्रश्न टाळता येत नाही. गार्थ ब्रुक्सच्या 'द थंडर रोल्स' (१९९१) या गाण्यात वादळी रात्री वाट पाहणारी पत्नी आहे, उशिरा परतणारा नवरा आहे, त्याच्या अंगाला येणारा परका सुवास आहे. ध्वनिमुद्रित गाणे व्यभिचाराच्या संशयापाशी संपते. व्हिडिओने त्यात मारहाण आणली, ती पाहणारी लहान मुलगी आणली, आणि अखेर पत्नीच्या हाती पिस्तूल दिले. शिवाय खोटी दाढी आणि केसांचा टोप लावून त्या नवऱ्याची भूमिका खुद्द ब्रुक्सने केली. निवेदकाचा आवाज आणि मारणाऱ्याचा देह एकाच माणसाचे! तटस्थपणे गोष्ट सांगणारा हा आवाज निर्दोष आहे, हे त्यानंतर मानता येत नाही. कंट्री संगीताच्या दोन्ही प्रमुख अमेरिकी वाहिन्यांनी हा व्हिडिओ दाखवणे बंद केले; कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा पुरस्कार दिला. गाणे रेडिओवर वाजत होते, त्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत व्हिडिओने नव्याने सांगितलेल्या गोष्टीला होती.

घरातील हिंसा हाच विषय आपल्याकडे 'मन के मंजीरे' (२०००) या व्हिडिओत उलट बाजूने आला. शुभा मुद्गल यांच्या आवाजातील या गाण्यात मुक्त झालेल्या मनाचा आनंद आहे, छळाचा उच्चार नाही. पडद्यावर मीता वशिष्ठ ट्रक चालवते. छळाचे घर सोडून आलेल्या स्त्रीचा तो आनंद आहे हे पाहिल्यावर, एरवी गुळगुळीत वाटला असता तो उल्हास कमावलेला वाटतो. त्या काळच्या आपल्या इंडीपॉपमध्ये असे थोडे होते. देखणे चेहरे आणि देखणी स्थळे पुष्कळ होती, पण ती गाण्याला परकीच राहिली.

या सर्व विवेचनाला आ-हा या नॉर्वेच्या गटाचा 'टेक ऑन मी' (१९८५) अडचणीचा ठरतो, हे मान्य केले पाहिजे. स्टीव्ह बॅरनचा हा व्हिडिओ पेन्सिलीने रेखाटलेल्या हलत्या चित्रांसाठी, म्हणजे तंत्रासाठीच ओळखला जातो. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. याच गाण्याचा आधीचा व्हिडिओ गटाला साध्या पार्श्वभूमीवर गाताना दाखवीत होता आणि तो कोणाच्या लक्षात राहिला नाही. दुसऱ्यात गाणारा 'मी' चित्रकथेतील अर्धवट रेखाटलेला तरुण आहे. आपला स्वीकार व्हावा ही त्याची विनवणी आहे, आणि तो स्वीकार झाला नाही तर तो कागदावरच राहणार आहे. तंत्र येथे विनवणीच्याच कामी आले आहे. हा खुलासा मला पुरेसा वाटतो. थोडा ओढूनताणून केलेला वाटला तर वाचकाने तसे म्हणावे.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. 'मी'ची मोकळी जागा एकदा भरली की ती ऐकणाऱ्यासाठी उरत नाही. लावणीची बैठक उठते आणि दुसऱ्या रात्री दुसरी कलावतीण तीच ओळ निराळी करते. व्हिडिओ उठत नाही. आता तर तो हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा समोर आणता येतो. पदवीच्या वर्गात काव्यातील निवेदक शिकवताना मी एकदा 'हर्ट'चे दोन्ही अवतार आधी नुसते ऐकवले आणि मग कॅशचा व्हिडिओ दाखवला. वर्ग बराच वेळ गप्प होता. बहुतेकांना दुसरे गाणे आवडले, का आवडले हेही त्यांनी चांगले सांगितले. मागच्या बाकावरील एका मुलीने मात्र ते मान्य केले नाही. पहिले गाणे ऐकताना ते बोलणे आपले वाटत होते, ती म्हणाली, आणि आता ते त्या आजोबांचे झाले. मग तिने विचारले, की पहिले परत लावता येईल का, पडदा बंद ठेवून. मी लावले. ती डोळे मिटून ऐकत होती. ते गाणे तिला परत मिळाले की नाही, हे मी विचारले नाही.