अर्जातील ‘मी’ : विज्ञान-अभियांत्रिकी अधिछात्रवृत्तीच्या निवेदनांची चिकित्सा

आत्मचरित्र, रोजनिशी, पत्र या आत्मपर लेखनप्रकारांची मराठीत पुष्कळ चर्चा झाली आहे. विद्यापीठीय जीवनात मात्र आत्मपर लेखनाचा आणखी एक प्रकार रूढ असून तो समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. तो म्हणजे अधिछात्रवृत्तीसाठी केलेला अर्ज. त्याला वाचक थोडे, परंतु त्या थोड्या वाचकांच्या निर्णयावर लेखकाची पुढील काही वर्षे अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या प्रकाराचा विचार अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पदव्युत्तर संशोधन अधिछात्रवृत्तीच्या आधारे केला आहे. तिच्या अर्जात लेखनाला मिळालेले स्थान असाधारण आहे आणि म्हणूनच त्यातील ताणही स्पष्ट दिसतात.

या योजनेचे मूळ व्हॅनेव्हर बुश यांच्या १९४५ च्या अहवालात आहे. गुणवान तरुणांचे विज्ञानशिक्षण घरच्या सांपत्तिक स्थितीवर अवलंबून राहू नये, हा त्या अहवालातील एक प्रमुख आग्रह होता. १९५० मध्ये फाउंडेशनची स्थापना झाली आणि १९५२ पासून अधिछात्रवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या. पुढे नोबेल मिळविणारे पदार्थवैज्ञानिक स्टीव्हन चू आणि ‘गूगल’चे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन हे या योजनेचे लाभार्थी होते. अलीकडच्या दरानुसार पाच वर्षांच्या मुदतीतील तीन वर्षे दरसाल ३७,००० डॉलर विद्यार्थ्याला आणि १६,००० डॉलर त्याच्या संस्थेला मिळतात. हा पैसा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून येत नाही, तो विद्यार्थ्याच्या नावे येतो. त्यामुळे मार्गदर्शक निवडण्याचे, प्रसंगी बदलण्याचेही स्वातंत्र्य त्याला लाभते. संशोधनक्षेत्रातील गुरुशिष्यसंबंधांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या स्वातंत्र्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

या स्वातंत्र्यासाठी अर्जदाराने पाच पृष्ठे लिहावयाची असतात. तीन पृष्ठांत स्वतःची पार्श्वभूमी व भावी उद्दिष्टे आणि दोन पृष्ठांत संशोधनाचा आराखडा. अक्षरांचा आकार आणि समासाची रुंदीही ठरलेली असते. शिफारसपत्रे व गुणपत्रके सोबत असतातच, तथापि अर्जदाराचा स्वतःचा असा आवाज या पाच पृष्ठांतच ऐकू येतो. परीक्षण दोन निकषांवर होते : बौद्धिक गुणवत्ता आणि व्यापक प्रभाव. १९९७ मध्ये फाउंडेशनने हे दोन निकष स्वीकारले.

पहिल्या तीन पृष्ठांचे निवेदन हे वस्तुतः एक लघु आत्मचरित्र आहे, मात्र त्याचा शेवट आधीच निश्चित झालेला असतो. बालपणीचा एखादा प्रसंग, मग अडथळा, मग प्रयोगशाळेतील पहिला उन्हाळा, मग अपयश व त्यातून मिळालेला धडा आणि अखेर संशोधक होण्याचा संकल्प, अशी त्याची रूढ चाल आहे. आयुष्यात जे घडले ते सर्व या संकल्पाकडेच नेत होते, असे दाखविणे हे या रचनेचे अलिखित बंधन होय. घरची गरिबी, स्थलांतर, आजारपण यांना निवेदनात स्थान आहे, परंतु त्यांचे गुणांत रूपांतर झाले पाहिजे या अटीवर. येथे दया पवार यांच्या ‘बलुतं’ची (१९७८) आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या आत्मकथनात दुःख कोणत्याही यशाची पायरी म्हणून येत नाही. निवेदक स्वतःचा दुबळेपणा, स्वतःची लाजही झाकत नाही. अर्जातील ‘मी’ला ही मुभा नाही. त्याला दुबळेपणा सांगावयाचा असेल, तर तो ओलांडल्याचा दाखला त्याच परिच्छेदात द्यावा लागतो. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी स्वतःच्या आयुष्याकडे असे पाहण्याची सवय लागणे संशोधनाला पोषक आहे काय, हा प्रश्न उरतोच. संशोधनातील अपयश पुष्कळदा काहीच शिकवीत नाही. ते नुसतेच अपयश असते.

दोन पृष्ठांचा आराखडा याहून वेधक आहे, कारण तो एका अर्थी कल्पित लेखन आहे. अधिछात्रवृत्ती व्यक्तीला दिली जाते, प्रकल्पाला नव्हे. निवड झालेल्या विद्यार्थ्याने आराखड्यातील संशोधनच केले पाहिजे, असे बंधन नसते. मग गृहीतक, पद्धती, अपेक्षित निष्कर्ष आणि पर्यायी मार्ग यांची ही मांडणी कशासाठी? प्रश्न विचारता येतो की नाही, तो दोन वर्षांत पेलेल इतका लहान करता येतो की नाही आणि आपण चुकलो तर ते कसे कळेल याची कल्पना आहे की नाही, याची ती परीक्षा आहे. या दृष्टीने आराखडा हा अर्जातील सर्वांत प्रामाणिक भाग ठरतो. आत्मनिवेदनात घडलेल्या गोष्टींना कथेचा आकार द्यावा लागतो, तर आराखड्यात न घडलेल्या गोष्टींबाबत तर्कशुद्ध राहावे लागते. दुसरे काम शास्त्रज्ञाचे आहे.

‘व्यापक प्रभाव’ या निकषाबद्दल मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. आश्रयदात्याने विद्वानाकडून परतफेड मागणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. ती परतफेड कष्टाची होती, पण तिचे स्वरूप उघड होते. भारतातील पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीने (२०१८) आठवड्यातून एकदा तंत्रनिकेतनात, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविण्याची अपेक्षा ठेवली. तीही मोजता येते. अमेरिकन अर्जात मात्र परतफेड आशयाच्या रूपाने, म्हणजे शब्दांत, आगाऊ घेतली जाते. शाळेत घेतलेले विज्ञानवर्ग, मागास वस्तीतील मुलांना केलेले मार्गदर्शन यांची नोंद दोन्ही निवेदनांत करावी लागते. ज्यांनी हे मनापासून केले आणि ज्यांनी अर्जासाठी केले, त्यांची वाक्ये कागदावर सारखीच दिसतात. तरीही हा निकष काढून टाकावा, असे म्हणणे उचित ठरणार नाही. तो नसता तर अर्जात उरली असती ती केवळ प्रयोगशाळेतील संधींची यादी, आणि संधी कोणाला मिळतात हे उघड आहे.

भारतातील वाट याच्या उलट आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०० गुणांच्या वस्तुनिष्ठ परीक्षेतून मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. (अमेरिकेत हाच आकडा वर्षाचा आणि डॉलरमध्ये आहे, हा निव्वळ योगायोग.) या परीक्षेत उमेदवाराला स्वतःविषयी एक वाक्यही लिहावे लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून आलेला विद्यार्थी आणि महानगरातील विद्यार्थी यांची उत्तरपत्रिका एकाच यंत्रावर तपासली जाते, हे तिचे मोठेच बळ होय. पण प्रश्न विचारण्याची क्षमता तिला मोजता येत नाही. दिलेल्या चार पर्यायांत बरोबर उत्तर असतेच, ही संशोधनात कधीही न लाभणारी खात्री तिच्यात गृहीत असते.

निबंधपद्धतीत अन्याय दुसऱ्या मार्गाने येतो. बर्कली, स्टॅनफर्ड, एमआयटी यांसारख्या संस्थांची नावे पुरस्कृतांच्या याद्यांत वारंवार आढळतात. तेथे मागील वर्षांचे यशस्वी अर्ज वाचावयास मिळतात, वरिष्ठ विद्यार्थी मसुदे तपासून देतात, शिफारसपत्र कसे असावे हे प्राध्यापकांना ठाऊक असते. लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याला या लेखनप्रकाराचे संकेत एकट्याने शोधावे लागतात. लेखनप्रकार अवगत असणे हीच मग गुणवत्ता ठरू लागते. भाषानिर्मिती करणारी संगणकीय साधने आल्यापासून सफाईदार मसुदा सर्वांच्याच आवाक्यात आला, ही गोष्ट समतेला उपकारक वाटू शकते. परंतु सफाई स्वस्त झाली की परीक्षकांचा भर पुन्हा शिफारसपत्रांवर आणि संस्थेच्या नावावर सरकण्याचा धोका आहे.

योजनेच्या नियमांनीही या लेखनाला वळण दिले आहे. २०१६ मध्ये असा निर्णय झाला की, पदव्युत्तर शिक्षण सुरू झाल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात एकदाच अर्ज करता येईल. साहजिकच अनेकांना दुसऱ्या वर्षापर्यंत थांबणे शहाणपणाचे वाटे. तोवर प्रयोगशाळा ठरलेली असे, आराखड्याला आधार आलेला असे. लहान महाविद्यालयांतून आलेल्यांना तर या वर्षाची विशेष गरज होती, कारण संशोधनाशी त्यांचा खरा परिचय तेव्हाच होई. एप्रिल २०२५ मध्ये निवडींची संख्या नेहमीच्या सुमारे निम्म्यावर, १,००० वर आली. जूनमध्ये आणखी ५०० नावे जाहीर झाली. सप्टेंबरच्या अखेरीस पुढील फेरीची सूचना निघाली आणि तिच्यात डॉक्टरेटच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांना अपात्र ठरविण्यात आले. अर्जाची मुदत नोव्हेंबरमध्ये संपणार होती. ज्यांनी एकुलती एक संधी या वर्षासाठी राखून ठेवली होती, त्यांचे आराखडे तोवर लिहून होत आले होते.