शून्य म्हणजे 'हो': 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स'च्या पंधराव्या प्रकरणाबद्दल

सिस्टिम्समध्ये संशोधन करायचं ठरवलंत की कुणी ना कुणी तुम्हाला 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' वाचायला सांगतंच. जोनाथन कॉर्बेट, अलेसांद्रो रुबिनी आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन यांची ही तिसरी आवृत्ती 2005 सालची. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे पीडीएफ फुकट मिळते, म्हणजे जामखेडला घरी बसून तयारी करणाऱ्यालाही ती आयआयटीतल्या मुलाइतकीच जवळ. पुस्तक चांगलं आहे, वाचाच. पण पंधराव्या प्रकरणात डीएमए मास्क तपासण्याबद्दल जो छोटा भाग आहे, तो तसाच उचलू नका.

आधी मास्क कशाला लागतो ते बघू. डीएमए म्हणजे कार्डाने सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिणं. पण कार्डाला किती लांबचा पत्ता कळतो याला मर्यादा असते. 24 बिटवालं कार्ड 16 एमबीपर्यंत पोचतं, 32 बिटवालं 4 जीबीपर्यंत. त्यापलीकडचा पत्ता दिला तर वरचे बिट गळून पडतात. जामखेडचा एसटीडी कोड 02421. तो न लावता कर्जतच्या लँडलाइनवरून जामखेडचा नंबर फिरवून बघा. फोन लागलाच तर कर्जतमध्येच भलत्याच घरी लागेल. इथेही तसंच, एरर वगैरे काही येत नाही. दुसऱ्याच कशाची तरी मेमरी खराब होते आणि मशीन तासाभराने कुठेतरी तिसरीकडेच कोसळतं. शिवाय 2 जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर 32 बिटवाल्या कार्डाचा हा प्रकार सहसा दिसणारच नाही.

म्हणून ड्रायव्हरने सुरुवातीलाच 'डीएमए सेट मास्क' हे फंक्शन बोलवून कर्नलला सांगायचं की माझं कार्ड इतक्याच बिटांचं आहे, चालेल का? पुस्तक म्हणतं, उत्तर शून्य नसेल तर डीएमए शक्य आहे, शून्य आलं तर नाही. उदाहरणातला इफ-सुद्धा तसाच लिहिलाय. प्रत्यक्षात बरोब्बर उलटं आहे. हे फंक्शन यशस्वी झालं की शून्य देतं आणि फसलं की ऋण एरर कोड. पुस्तक ज्या 2.6.10 कर्नलवर बेतलंय, त्याच्या सोर्समध्येही हेच आहे. माझा अंदाज असा की 'डीएमए सपोर्टेड' या शेजारच्या फंक्शनशी गल्लत झाली असावी. ते खरोखरच 'हो'साठी 1 देतं.

आता उदाहरणाप्रमाणे कोड लिहिलात तर काय होईल? जिथे सगळं ठीक आहे, तिथे ड्रायव्हर डीएमए बंद करून 'सपोर्ट नाही' असा मेसेज छापेल. जिथे डीएमए खरंच चालणार नाही, तिथे मात्र तो सुरू करेल. दुसऱ्या प्रकारात मशीन पडतं, निदान कळतं तरी. पहिला प्रकार संशोधकाला जास्त महागात पडतो. ड्रायव्हर चालतो, डेटा येतो, फक्त सगळं सीपीयूमार्फत चाललेलं असतं. तुम्ही थ्रूपुट मोजता, आलेख काढता आणि थीसिसमध्ये लिहिता की कार्ड संथ आहे. मोजलेलं असतं भलतंच.

दुसरा आक्षेप जरा सौम्य आहे. कार्ड नेहमीचं 32 बिटवालं असेल तर हे फंक्शन बोलवायची गरज नाही, असं पुस्तक सांगतं. 2005 मध्ये ते खपून गेलं. आजचं कर्नलचं डॉक्युमेंटेशन मात्र स्पष्ट म्हणतं की मास्क ठरवायलाच हवा. शिवाय पुस्तक मर्यादेकडे कार्डाचा गुण म्हणून बघतं, तर ती वाटेतही असू शकते. 2019 च्या रास्पबेरी पाय 4 चंच घ्या. सुरुवातीच्या बोर्डांमधल्या चिपच्या पीसीआय एक्सप्रेस भागाला खालच्या 3 जीबीपलीकडे पोचता येत नव्हतं आणि यूएसबीचा कंट्रोलर त्याच वाटेवर बसलेला. 4 जीबीच्या बोर्डावर कंट्रोलर कितीही चांगला असला तरी शेवटचा जीबी त्याच्या आवाक्याबाहेरच. अशा वेळी कर्नल खालच्या मेमरीत तात्पुरता बफर घेऊन डेटा पुढे कॉपी करतो. त्याला बाउन्स बफर म्हणतात. त्या कॉपीचा वेळही तुमच्या आकड्यांत मिसळतो, हे ध्यानात ठेवा.

बाकी प्रकरण मात्र अजून वाचण्यासारखं आहे. बसचा पत्ता आणि मेमरीचा पत्ता वेगळे का, स्ट्रीमिंग आणि कोहेरंट मॅपिंगमध्ये फरक काय, हे इतकं सरळ समजावलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. फक्त फंक्शनांची नावं आणि रिटर्न व्हॅल्यू कर्नलच्या सोर्समधल्या 'डायनॅमिक डीएमए मॅपिंग गाइड'शी ताडून घ्या. आणि तिथेही आवृत्ती बघा. आधी 64 बिट मागा, नाही जमलं तर 32 वर या, हा दोन पायऱ्यांचा कोड जुन्या ड्रायव्हरांमध्ये सर्रास सापडतो. आताच्या कर्नलमध्ये 64 बिटची मागणी नाकारली जात नाही, त्यामुळे त्यातली दुसरी पायरी कधी चालतच नाही.