सागा कुठून सुरू करायची? ‘पहिल्या भागापासून’ हे उत्तर का पुरत नाही

व्हिडिओ गेमवर पीएचडी करायची आहे असं म्हणणारे विद्यार्थी आता ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातही भेटायला लागलेत. कोणी मराठी-इंग्रजी साहित्यातून आलेलं असतं, कोणी मास मीडियातून, कोणी कॉम्प्युटर सायन्समधून. पेट नाहीतर नेट झालेली असते, सिनॉप्सिस लिहायचा असतो आणि विषय साधारण ‘जपानी रोल-प्लेइंग गेममधलं कथन’ असा असतो. मग नमुना म्हणून फायनल फँटसी घेतली जाते. तिच्याबद्दल इतकं लिहून झालंय की सिनॉप्सिस आपोआपच लिहिला जातो! मी अशा वेळी त्याच स्क्वेअर कंपनीच्या दुसऱ्या मालिकेचं नाव सुचवतो: सागा. १९८९ पासून चालू आहे, अजून संपलेली नाही, आणि ‘जपानी आरपीजी म्हणजे एक ठरलेली गोष्ट आणि हळूहळू वाढणाऱ्या लेव्हल’ ही व्याख्या ती जवळजवळ प्रत्येक भागात मोडते.

त्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘कुठून सुरू करू?’ प्रश्न साधा वाटतो, पण तो कॉर्पस कसा ठरवायचा हाच प्रश्न आहे. तुम्ही कुठून शिरता त्यावर ‘सागा म्हणजे काय’ याबद्दलचं तुमचं विधान ठरतं, आणि व्हायव्हाला तेच विधान सांभाळावं लागतं.

आपल्या ओळखीची तुलना घेऊ. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात (१८६४ पासूनचं) किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३) जुन्या सभासदाला विचारा, ‘बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार कुठून वाचायला घेऊ?’ तो म्हणेल, ‘अहो, कुठलंही घ्या, हाताला लागेल ते.’ कारण नायक तोच, जग तेच. सागामध्येही कुठलाही भाग आधी घेतला तरी गोष्ट अडत नाही, पण कारण उलटं आहे. इथे नायक बदलतो, बहुतेक वेळा जगही बदलतं. टिकून राहते ती फक्त नियमांची खोड. लढाईनंतर अनुभवाचे गुण साठून लेव्हल वाढणं नाही, जे वापराल ते वाढेल. गोष्ट एका रुळावरून धावणार नाही, तुम्ही कुठे गेलात आणि किती लढलात त्यावर ती सरकेल. आणि नियम तुम्हाला नीट सांगितले जाणार नाहीत.

ही खोड आहे आकितोशी कावाझू या डिझायनरची. पहिल्या फायनल फँटसीची लढाई-व्यवस्था त्याची, आणि १९८८ च्या दुसऱ्या भागात लेव्हल काढून टाकून ‘वापराल ते वाढेल’ आणलं तेही त्याने. तो प्रयोग त्या मालिकेने पुढे सोडून दिला. कावाझूने तो उचलला आणि वेगळ्या नावाने पुढे नेला.

वेगळ्या नावाने म्हणजे जपानमध्ये. गेमबॉयवरची पहिली सागा (डिसेंबर १९८९) अमेरिकेत गेली ती ‘द फायनल फँटसी लेजंड’ म्हणून, कारण तिकडे फायनल फँटसी हे नाव खपणारं होतं. गेमबॉयवरच्या तिन्ही सागा या नावाखाली विकल्या गेल्या. आता तुम्ही लिटरेचर रिव्ह्यूला बसून ‘सागा’ शोधलंत तर त्या काळची इंग्रजी परीक्षणं हाताला लागणारच नाहीत. ती दुसऱ्या मालिकेच्या खात्यात पडलेली आहेत, आणि त्यांत तक्रारही ‘ही फायनल फँटसीसारखी का नाही’ अशा सुरातली सापडते. तेव्हा कीवर्डची यादी करताना दोन्ही नावं घ्या. त्यात तिसरी सागा (१९९१) कावाझूच्या टीमने केलेलीच नाही. तिच्यात चक्क नेहमीसारख्या लेव्हल आहेत. नाव सागा, खोड सागाची नाही. ‘मालिकेचा कर्ता कोण’ या प्रश्नावर एक अख्खं प्रकरण निघेल इतका ऐवज इथेच आहे.

आता माझं उत्तर. सुरुवात ‘रोमान्सिंग सागा २’ पासून करा. मूळ खेळ १९९३ चा, सुपर फॅमिकॉमवरचा. त्याचा इंग्रजी रीमास्टर २०१६ मध्ये फोनवर आणि २०१७ मध्ये कन्सोल-पीसीवर आला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द सेव्हन’ नावाचा पूर्ण नवा थ्रीडी रीमेक आला.

हाच का, तर यात गोष्ट आणि नियम यांचे सांधे दिसत नाहीत. व्हारेन साम्राज्याचा सम्राट लिऑन. एकेकाळी जगाला वाचवणारे सात वीर आता राक्षस होऊन परतलेत, आणि त्यांतला एक लिऑनच्या थोरल्या मुलाला, व्हिक्टरला मारतो. ज्या डावाने मारतो तो कोणालाच कळलेला नाही. लिऑन धाकट्या जेरार्डला घेऊन त्या वीराशी लढायला जातो आणि तो डाव मुद्दाम स्वतःवर घेतो. मरता मरता, वारसा देण्याच्या मंत्राने, स्वतःला जे कळलं ते जेरार्डला देतो. पुढच्या लढाईत तोच डाव चुकवता येतो. इथे खेळाने तुम्हाला ‘शत्रूचा कमजोर बिंदू अमुक’ अशी पाटी दाखवलेली नसते. एक माणूस गेला, त्याचं निरीक्षण राहिलं, आणि ते निरीक्षण आता तुमच्या हातातलं हत्यार आहे.

पुढे सगळा खेळ याच सूत्रावर चालतो. सम्राट मेला किंवा पुरेशा घटना घडून गेल्या की काळ उडी मारतो, कधी दशकांची तर कधी त्याहून मोठी. तुम्ही नवा वारस निवडता. आधीच्या पिढीला लढता लढता सुचलेले डाव आता तालमीत कोणालाही शिकता येतात. मंत्रांवर संशोधन करणारी संस्था उभारायची तर खजिन्यातून पैसे घालावे लागतात, आणि फळ बहुधा पुढच्या पिढीला मिळतं (अनुदानाच्या प्रतीक्षेत असलेल्यांनी इथे उसासा सोडायला हरकत नाही). साम्राज्यात विद्यापीठही काढता येतं. पण या सगळ्याची किंमत आहे. ज्या सरदाराला तुम्ही पाच तास वाढवलंत तो पिढी बदलली की गेला. त्याच्या जागी त्याच वर्गातलं वेगळ्या नावाचं कोणीतरी येतं. त्यामुळे पात्रं पातळ राहतात. हा दोष आहे आणि तो मान्य करायला हवा. लिऑन-जेरार्डनंतरच्या बहुतेक सम्राटांना चेहरा आहे पण स्वभाव नाही. बखरीत मधल्या पिढ्या एकेका ओळीत निघून जातात, तसंच हे.

‘सुचलेले डाव’ म्हणजे जपानी शब्दात हिरामेकी, इंग्रजीत ग्लिमर. लढाईच्या मधोमध पात्राच्या डोक्यावर दिवा पेटतो आणि आजवर नसलेला डाव त्याला येतो. जितका शत्रू तगडा, तितकी सुचण्याची शक्यता जास्त. म्हणजे कमकुवत शत्रूंना मारत बसून बळ साठवण्याची आपली सवय इथे उलटते, कारण जास्त लढलात की शत्रूंचाही दर्जा वाढत जातो. सावधपणाला शिक्षा आहे.

आता आवृत्तीचा प्रश्न, जो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. २०२४ च्या रीमेकमध्ये कोणता डाव वापरला तर नवीन काही सुचू शकेल हे आधीच दिव्याच्या खुणेने दाखवलं जातं. एकदा सापडलेले शत्रूचे कच्चे दुवे पडद्यावर राहतात. अवघडपणाचे पर्याय आहेत. सात वीरांच्या भूतकाळाच्या आठवणी गोळा करता येतात, म्हणजे मूळ खेळात जी बरीचशी कुजबुज होती ती आता उलगडून सांगितली जाते. खेळायला हा रीमेक फार चांगला आहे, नवख्याला मी हाच देईन. पण तो खेळून ‘सागा आपले नियम खेळाडूसमोर उघडे ठेवते’ असं लिहिलंत तर ते १९९३ च्या खेळाबद्दल खोटं ठरेल. आणि फक्त जुनी आवृत्ती खेळून ‘सागा दुर्बोध आहे’ म्हणालात तर २०२४ बद्दल खोटं. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. कुठली पोथी वापरली ते पहिल्या पानावर सांगावं लागतं. गेमवर लिहिणारे मात्र बिनधास्त नुसतं नाव लिहून मोकळे होतात. तुम्ही वर्ष, मंच, भाषा आणि आवृत्ती लिहा. रीमेक पूर्ण खेळा, आणि सोबत फोनवरच्या रीमास्टरमध्ये निदान जेरार्डची पिढी संपेपर्यंत खेळून पाहा. तेवढ्यात फरक कळतो.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. ‘मिन्स्ट्रेल साँग’ (२००५, रीमास्टर २०२२) हा १९९२ च्या पहिल्या रोमान्सिंग सागाचा नवा अवतार. आठ नायक, आणि प्रत्येक लढाईगणिक पुढे सरकणारं अदृश्य घड्याळ. एखादं काम ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलं की ते नंतर नसतंच. दुसऱ्या क्रमांकावर हाच घ्या. ‘सागा फ्रंटियर’ (१९९७) अपुरा राहिलेला खेळ आहे. ठरलेल्या आठ नायकांपैकी फ्यूझ वगळावा लागला होता आणि तो थेट २०२१ च्या रीमास्टरमध्ये परतला. ‘फ्रंटियर २’ (१९९९) मध्ये गुस्ताव्ह हा राजपुत्र, जगात सगळ्यांकडे असलेली जादू फक्त त्याच्याकडे नाही, आणि त्याचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी येतो. कथनावर काम करणाऱ्याने हा टाळू नये. ‘अनलिमिटेड सागा’ (२००२) जवळजवळ पटावरचा खेळ आहे आणि फिरत्या चक्रावर सगळं ठरतं. पश्चिमेकडे त्याच्यावर सडकून टीका झाली. त्याने सुरुवात केलीत तर बहुधा विषयच बदलाल. ‘एमरल्ड बियाँड’ (२०२४) मध्ये लढाई अप्रतिम आहे, पण भोवतीचं जग इतकं विरळ की आधीचे भाग माहीत नसतील तर ते विरळ का ठेवलंय हेच उमजत नाही.

चाहत्यांकडून एक बचाव वारंवार ऐकू येतो: ‘सागा अन्यायी नाही, तुम्ही चुकीचं खेळताय.’ संशोधकाने हे वाक्य जसंच्या तसं उचलू नये. जपानमध्ये हे खेळ एकट्याने अंधारात चाचपडत खेळण्यासाठी आलेच नव्हते. सोबत मासिकं होती, जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं होती, शाळेत कोणीतरी काहीतरी शोधून काढलेलं असायचं. लपवलेले नियम त्या सगळ्या गोतावळ्याला धरून लपवलेले होते. गोतावळा काढून घेतला आणि नुसता खेळ परदेशात पाठवला, तर तो अन्यायी वाटणारच, आणि तसं वाटणाऱ्याची चूक नाही. आपल्याकडे तर टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमच्या काळात मारिओ आणि काँट्रा आले, मजकुराने भरलेले असे खेळ जवळपास आलेच नाहीत. त्यामुळे डोंबिवलीत आज पहिल्यांदा सागा उघडणारा खेळाडू नेमका कुठल्या आधारावर खेळतो, विकी, यूट्यूब की कोणा मित्राचा सल्ला, हे नोंदवणं हाच एक चांगला, न झालेला अभ्यास ठरू शकतो. (गाईड हा शब्द आपल्याकडे परीक्षेच्या पुस्तकालाही आहे आणि पीएचडीच्या सरांनाही. सागासाठी पहिल्या अर्थाचं गाईड वापरायला लाजू नका. कधी उघडलं ते फक्त डायरीत लिहून ठेवा.)

कन्सोल नसेल, वेळ तर नसतोच, तर १९८९ ची पहिली सागा फोनवर घ्या. तिन्ही गेमबॉय सागांच्या एकत्र संचात ती मिळते, आणि संचात वेग वाढवायची सोयही आहे. मनोरा चढत स्वर्गात जायचं, माणूस औषधं विकत घेऊन बळावतो, राक्षस दुसऱ्याचं मांस खाऊन रूप पालटतो, तलवारी ठरावीक वारांनंतर मोडतात. मनोऱ्याच्या टोकाला कोण भेटतं ते सांगत नाही. हा खेळ तुकड्यातुकड्यांनी, प्रवासात खेळायचा म्हणूनच बेतलेला होता, आणि त्याची लांबी नारिता ते होनोलुलू विमानप्रवासाच्या, म्हणजे सहा-आठ तासांच्या हिशेबाने धरली होती. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन अडीच तास धरले तर तीन-चार दिवसांचं काम. कुठेही सेव्ह करता येतं. फक्त परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली पाहिजे.