कर्कसाहेबांची रोजकीर्द

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला मजकूर नंतर दिसतो, तारीख आधी दिसते. लग्नपत्रिका हाती आली की वधूवरांची नावं राहतात बाजूला, मी मिती आणि इसवी सन यांचा मेळ बसतो की नाही ते पाहून घेतो. (सौ. म्हणते, आपल्या स्वतःच्या पत्रिकेतही तुम्ही तेवढंच वाचलं होतंत. असो.) तेव्हा चिरंजीवांनी आग्रहाने मला ‘स्टार ट्रेक’ दाखवायला बसवलं, तर मी त्या टोकदार कानांच्या स्पॉककडे बघत बसेन ही अपेक्षाच चुकीची होती. त्या यानाचा कप्तान कर्क दर भागात आपली रोजकीर्द सांगतो. तिच्या माथ्यावर एक आकडा असतो, त्याला म्हणायचं ‘स्टारडेट’. मी मुकाट्याने कागदपेन्सिल घेतली.

ही मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. कर्ते जीन रॉडनबेरी. गोष्ट नेमक्या कितव्या शतकात घडते हे सांगायचं नाही, म्हणजे अमुक यंत्र तेव्हा असेल की नसेल यावर कुणी वाद घालायला नको, म्हणून त्यांनी ही युक्ती काढली. पटकथालेखकांना दिलेल्या मार्गदर्शिकेत चक्क परवानगी होती, की चार आकडे मनाला येतील ते घ्या, पुढे दशांश चिन्ह, मग आणखी एक आकडा. एक पूर्णांक म्हणजे एक दिवस, दशांश म्हणजे दिवसाचा दहावा भाग. आपल्या भागापुरते आकडे पुढे सरकले म्हणजे झालं, दुसऱ्याच्या भागाशी ताळा जमवायची काळजी करू नका!

आमच्या शाखेत असं परिपत्रक आलं असतं तर अर्धा स्टाफ आनंदाने वेडा झाला असता.

परिणाम व्हायचा तोच झाला. पहिला दाखवलेला भाग ‘द मॅन ट्रॅप’, तारीख १५१३.१. त्यानंतर दोन आठवड्यांनी दाखवलेल्या भागाची तारीख १३१२.४. १९६९ साली दाखवलेल्या शेवटच्या भागाची ५९२८.५. आता वजाबाकी करा. ४६१६ दिवस, म्हणजे साडेबारा वर्षं. यान निघालं होतं पाच वर्षांच्या मोहिमेवर. साडेसात वर्षांचा ओव्हरटाइम, आणि कर्कसाहेबांचा एक केस पांढरा नाही!

यावर मार्गदर्शिकेचा खुलासा असा, की यान आकाशगंगेत कुठे आहे, किती वेगाने चाललंय, यावर ही तारीख बदलते. हा खुलासा अगदीच हवेतला नाही. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं हे आइन्स्टाइनने १९०५ सालीच सांगून ठेवलंय. पण मग कल्याणची तारीख डोंबिवलीला चालणार नाही, आणि जी तारीख दोन ठिकाणी चालत नाही तिला तारीख कशाला म्हणायचं? आधी काय, नंतर काय, एवढं तरी तिने सांगायला हवं. तरीसुद्धा या जुन्या मंडळींवर माझा राग नाही. आपण थाप मारतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

राग आहे तो १९८७ सालच्या दुसऱ्या मालिकेवर. तिथे शिस्तीचा आव आहे. आकडे पाच. पहिला ४ म्हणजे चोविसावं शतक, दुसरा आकडा मालिकेचा हंगाम, उरलेले तीन हंगामभरात ००० ते ९९९. हंगाम साधारण एका वर्षाचा, म्हणजे हजार एककांचं एक वर्ष. छान. पण त्यांच्याच मार्गदर्शिकेत दशांशाचा आकडा म्हणजे दिवस! दहा दिवसांचं एक एकक धरलं तर हजार एककांचे दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षांच्या वर. वर्ष एक की सत्तावीस, हा फरक कुठल्याही ऑडिटरने ‘किरकोळ’ या सदरात टाकला नसता.

आणि याहून वाईट म्हणजे टाशा यार. यानाची सुरक्षा अधिकारी, धीट पोरगी. ४१६०१.३ या तारखेच्या भागात ती कामावर असताना मारली जाते. तिचे सहकारी तिला निरोप देतात, तेव्हा माझ्याही घशात काहीतरी अडकलं. नंतर कागद पाहिला. दोनच आठवडे आधी दाखवलेला ‘द आर्सेनल ऑफ फ्रीडम’, त्यात बाई धडधाकट, आणि तारीख ४१७९८.२. हिशेबाने मृत्यूनंतर बहात्तर दिवसांनी ती ड्युटीवर!

“बाबा, एवढं कोण बघतं?” चिरंजीव म्हणाले.

आम्ही बघतो. खातेदार गेल्यानंतरच्या तारखेची विथड्रॉवल स्लिप पुढे आली की काउंटरवरची चेष्टामस्करी थांबते. दाखल्यावरची ती एक तारीख लावून बायको काउंटरपलीकडे उभी असते. तिच्या लेखी त्या तारखेआधीचं आयुष्य निराळं आणि नंतरचं निराळं. माणूस मारायचा, प्रेक्षकांना रडवायचं, आणि त्याची तारीख मात्र ठोकळ्यासारखी कुठेही ठेवायची, हा मला हिशेबाचा नव्हे, दुःखाचा अपमान वाटतो.

पुढे १९९६ साली नंतरच्या मालिकांचे आकडे पन्नास हजारांवर गेले. गोष्ट होती २३७३ सालातली. म्हणजे ४ चा ५ झाला आणि शतक जागच्या जागी. ते ४ म्हणजे शतक, हे सगळ्यांनी बिनबोभाट विसरून टाकलं.

खरं तर दिवस नुसते मोजत जाण्याची कल्पना जुनी आणि सोन्यासारखी आहे. खगोलशास्त्रज्ञ ज्यूलियन दिनांक वापरतात. १ जानेवारी २००० ची ग्रीनिचची दुपार म्हणजे २४५१५४५.०. आपल्याकडे तेच अहर्गण. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिलं, त्यात आकडा फुगू नये म्हणून ४०१६ दिवसांचं एक चक्र पाडलं. आकडा लहान राहिला आणि हिशेबही सुटला नाही. रॉडनबेरींना नांदगावची एसटी मिळायला हवी होती.

२००९ सालच्या चित्रपटाने सगळी भानगडच मिटवली. तिथे २२५८.४२ म्हणजे सरळ सन २२५८, दिवस बेचाळिसावा, अर्थात ११ फेब्रुवारी. मी टाळी वाजवणार, इतक्यात कॉमर्सचं शिक्षण आडवं आलं. चाळिसावा दिवस .४०, बरोबर? आणि चौथा? शाळेपासून शिकलोय, .४ आणि .४० एकच. तारखेच्या बाबतीत आम्ही तसे उदार आहोत. शके घालून राष्ट्रीय पंचांगाची मिती लिहिलेला चेकसुद्धा घेतो, रिझर्व्ह बँकेची तशी सूचनाच आहे. पण उद्या कर्कसाहेब २२५८.४ लिहिलेला चेक घेऊन आले, तर तीन महिने ४ जानेवारीपासून मोजू की ९ फेब्रुवारीपासून? तेव्हा साहेब, बसा, पाणी घ्या, आणि तारीख नीट लिहून आणा. लंच टाइम व्हायला पाच मिनिटं आहेत, आमच्या घड्याळाने.