मेंदूची चित्रे आणि ध्यानाची साक्ष

ध्यानसाधनेने मेंदूतील जोडणी बदलते हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे प्रतिपादन धम्मविषयक लेखनात वारंवार आढळते. त्याची चिकित्सा आम्हांस अगत्याची वाटते.

कार्यात्मक एम.आर.आय. यंत्र मज्जापेशींचे कार्य प्रत्यक्ष पाहत नाही. रक्तातील प्राणवायूशी निगडित बदल ते टिपते. मेंदूच्या दोन भागांतील संदेश एकाच वेळी चढत-उतरत असतील, तर ते भाग परस्परांशी जोडलेले मानले जातात. विश्रांत मेंदूतील असा संबंध बिस्वाल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविला. संदेशात मिसळणारी खरखर संबंध पुसट करते, असा सर्वसामान्य समज आहे. परंतु एकच खरखर दोन्ही ठिकाणी पोहोचली, तर नसलेला संबंधही दिसू लागतो. पॉवर व सहकाऱ्यांच्या २०१२ मधील निबंधाचे महत्त्व येथेच आहे. डोके मिलिमीटरहून कमी हलले, तरी जवळच्या भागांतील जोडणी अधिक व दूरच्या भागांतील जोडणी कमी भासते, हे त्यांनी दाखविले. लहान मुले अधिक हालचाल करतात. त्यामुळे मेंदूचा विकास म्हणून गणलेल्या फरकाचा काही अंश केवळ हालचालीचा ठरला.

ध्यानाच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. आनापानसतीत श्वास बहुधा संथ होतो. श्वास बदलला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि त्यानुसार रक्तवाहिन्या रुंदावतात वा आकसतात. मन भटकत असताना सक्रिय असणाऱ्या जाळ्यातही श्वासाचा हा प्रभाव उमटतो, असे बर्न व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले. ध्यानाचे परिणाम संशोधक प्रायः याच जाळ्यात शोधतात! उलटपक्षी, श्वासाचा अंश गणिताने वजा करावा, तर ध्यानाचा खरा परिणामही त्यासोबत पुसला जाण्याचा संभव राहतो.

म्हणून असे सर्व संशोधन त्याज्य ठरते, असे आम्ही म्हणत नाही. साधक व इतर यांची हालचाल आणि श्वास मोजले होते काय, एवढे विचारल्यावाचून निष्कर्ष स्वीकारू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टींवर व अधिकारवाणीवर विसंबू नका असे सांगितले. प्रयोगशाळेची अधिकारवाणी त्यास अपवाद नाही. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धिप्रामाण्यावर उभा असलेला धम्म दिला. त्याच्या समर्थनार्थ कच्ची साक्ष उभी करणे, हा त्या धम्माचाच अवमान होय.