‘चेझिंग कोरल’: दिसलं की जीव लागतो का?

आमचं पाटण कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर. समुद्र बघायचा तर कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण गाठायचं आणि तिथून पुढे गुहागर. धरणाचं वीज करून झालेलं पाणी मात्र बोगद्यांतून पश्चिमेला वाशिष्ठीत पडतं आणि अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे आमच्यापेक्षा आमच्या पाण्याचीच समुद्राशी जास्त ओळख. पोवळं म्हणजे आजीच्या मंगळसूत्रातले लाल मणी, एवढंच मला माहीत होतं. ते जिवंत असतं हे मला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर कळलं, जेफ ऑर्लोव्हस्कीच्या ‘चेझिंग कोरल’ (२०१७) या माहितीपटामुळे.

तेव्हा रडू आलं होतं. गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला, तर दिग्दर्शकाशी भांडावंसं वाटलं.

गोष्ट अशी. रिचर्ड वेव्हर्स हा लंडनच्या जाहिरात क्षेत्रात काम केलेला माणूस. त्याच्या मते समुद्राखाली काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे अडचण प्रसिद्धीची आहे. प्रवाळ मरताना दाखवा, लोक जागे होतील. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं, की हे भाडेकरू बाहेर पडतात. मागे उरतो पारदर्शक जीव आणि त्याखालचा पांढरा सांगाडा. यालाच ब्लीचिंग म्हणतात. हे घडताना टिपायला टीम पाण्याखाली आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बसवते.

आणि फोटो येतात ते धूसर. फोकसच गंडलेला. सॉफ्टवेअरवाल्याला हा प्रसंग घरचा वाटेल: टेस्टिंगला सगळं हिरवं, प्रॉडक्शनला बोंब. शेवटी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर ही मंडळी हातात कॅमेरा घेऊन रोज पाण्यात उतरतात. त्याच त्या जागा, तेच कोन. ऑटोमेशन हरतं आणि तिथूनच सिनेमा खरा होतो.

कारण आता पडद्यावर झॅक रॅगो असतो. झॅक कोलोरॅडोचा, जिथे समुद्रकिनारा नाही. तो कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीत कामाला, पण त्याचा जीव प्रवाळात, कारण त्याने ते घरच्या टाकीत वाढवलंय. रोज डुबकी मारून मरण मोजताना तो ज्या तऱ्हेने खचतो, तसा सिनेमात दुसरा कुणीही खचत नाही.

माझं भांडण इथे आहे. जीव कसा लागतो याचं उत्तर दिग्दर्शकाच्या हातात होतं: झॅकची टाकी. तिला तो ओझरतं दाखवून पुढे जातो आणि वेव्हर्सच्या ‘दाखवा म्हणजे होईल’वर सगळी भिस्त ठेवतो. पण झॅकला जीव लागला तो पाहून नव्हे, निगा राखून.

हे मी माझ्या फजितीवरून सांगतो. पहिल्यांदा सिनेमा पाहिल्यावर डोक्यात आलं, घरामागे पप्पांचं ढबू मिरचीचं पॉलिहाऊस आहे, त्याच्या कोपऱ्यात प्रवाळ वाढवू. परदेशात हौशी लोक काचघरात असं करतात. ऊन फुकट, दिव्यांचा खर्च वाचतो. एक्सेल उघडलं. मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. तापमान २५-२६ अंश. कॅल्शियम लिटरला ४००-४५० मिलिग्रॅम, आणि ते सतत घालत राहायचं, कारण प्रवाळ सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम वापरतं. वाफ होते पाण्याची, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आणि आमचं पॉलिहाऊस एप्रिलमध्ये चाळिशी पार करतं! लाइट गेली तर पंप बंद, चिलर बंद.

मग कायदा वाचला. सगळं दगडी, म्हणजे रीफ बांधणारं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या रांगेत. एक्सेल बंद केलं. कायदा बरोबरच आहे. हौसेसाठी रीफ फोडला जाऊ नये.

त्याऐवजी साठ लिटरची गोड्या पाण्याची टाकी आणली आणि उत्साहात पहिल्याच दिवशी दहा गप्पी सोडले. आठवड्यात सात मेले. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला काही आठवडे लागतात, हे नंतर वाचलं. मेलेले मासे आईने काही न बोलता कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरले. दुकानात मी शेकडो मासे पाहिले होते, पण पाणी तपासायची सवय लागली ती त्या सात जणांनंतर.

‘दिसत नाही म्हणून’ हे म्हणणं आपल्याकडेही टिकत नाही. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहे, ओहोटीला उघडं पडणारं. हाजी अलीच्या वाटेवरून रोज हजारो माणसं जातात. तरी अनेकांना ते कळलं कोस्टल रोडच्या बातम्यांतून, २०२० मध्ये १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या तेव्हा. डोळ्यांसमोर होतं, पण ओळख नव्हती. याउलट ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर नेतात, खडकांतले जीव नावानिशी दाखवतात, नोंदी ठेवतात. ती झॅकच्या टाकीची बिनकाचेची आवृत्ती आहे.

सिनेमाचं श्रेय नाकारत नाही. त्याच्यावाचून मी एक्सेल उघडलंच नसतं. त्या २०१६ मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या उथळ पाण्यातलं सुमारे ३० टक्के प्रवाळ मेलं. ते मरण असं समोर ठेवणं सोपं नव्हतं. पण सिनेमा जगभर पाहिला गेला, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने पुन्हा जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं, आजवरचं चौथं. पाणी तापवणारा कार्बन नुसत्या पाहण्याने कमी होत नाही. एका टाकीनेही होत नाही, हे झॅकलाही ठाऊक असणार. पण जे वर्षानुवर्षं या प्रश्नाला चिकटून राहतात, त्यांच्यामागे बहुधा अशी एखादी रोजची निगा असते.

म्हणून सिनेमा जरूर पाहा, फक्त झॅकवर नजर ठेवून पाहा. मग कधी मालवणला गेलात तर स्नॉर्कलिंगच्या सेल्फीआधी गाइडला विचारा: गेल्या वर्षी आलो असतो तर इथे काय दिसलं असतं? रोज पाण्यात उतरणाऱ्याकडे त्याचं उत्तर असतं.