मुलांच्या निबंधांचे परीक्षण : शिक्षकांची चर्चा आणि निर्णयाचा आधार

निबंधाची वही तपासताना शिक्षकाला जो संकोच वाटतो, त्याचा उच्चार शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. गणिताचे उत्तर बरोबर की चूक हे सांगताना हात अडखळत नाही. परंतु चौथीतल्या मुलाने लिहिलेल्या दहा-बारा ओळींना दहापैकी सहा गुण द्यावेत की सात, हे ठरवताना अनुभवी शिक्षकही आधी तपासलेल्या वहीकडे वळून पाहतो. या संकोचावर अलीकडे बहुधा एकच उपाय सुचविला जातो. शिक्षकांनी एकत्र बसावे, तीच वही सर्वांनी वाचावी आणि चर्चेतून निर्णयास यावे, म्हणजे परीक्षणाचा आत्मविश्वास वाढेल, असे सांगण्यात येते. उपाय योग्य आहे. मात्र अशा चर्चेतून लाभणारा आत्मविश्वास कशाचा, याची चिकित्सा सहसा होत नाही. चारचौघांचे मत आपल्यासारखेच आहे हे कळल्याने येणारा धीर वेगळा, आणि आपल्या मताला समोरच्या लेखनात आधार आहे हे दाखविता आल्याने येणारा धीर वेगळा. पहिल्यालाच दुसरा समजण्याची चूक फार सुलभ आहे, आणि तिची किंमत शिक्षकाला नव्हे, तर मुलाला मोजावी लागते.

परीक्षकांच्या मतभेदाचा प्रश्न जुना आहे. परीक्षेतील गुणांत यदृच्छेचा वाटा किती असतो, याचा विचार एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने संख्याशास्त्राच्या साहाय्याने १८८८ मध्येच मांडला होता. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च व एलियट यांनी इंग्रजी विषयाच्या दोन उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडे पाठविल्या. त्यांपैकी एकाच उत्तरपत्रिकेला कोणी शंभरांपैकी पन्नास, तर कोणी पंचाण्णवच्याही वर गुण दिले. भाषा हा विषयच असा, अशी सबब यावर तत्काळ पुढे आली. पण पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, तेव्हा गुणांतील अंतर अधिकच रुंदावले. तेव्हा भाषाशिक्षकांनी एकट्यानेच अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

याहून अंतर्मुख करणारा पुरावा हार्टोग व र्‍होड्स यांच्या १९३५ च्या ग्रंथात आहे. फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९२९ च्या शिक्षणविषयक अहवालामुळे त्यांचे नाव भारतात परिचित आहे. पूर्वी एकसारखेच मध्यम गुण मिळालेल्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी परीक्षकांकडून तपासून घेतल्या, आणि वर्षभराहून अधिक काळ लोटल्यावर त्याच परीक्षकांपुढे त्या पुन्हा ठेवल्या. चौदा परीक्षकांनी दोन्ही वेळा तपासणी केली. त्यांच्या २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या वेळी बदलले. दुसऱ्याशी न जुळणे समजण्यासारखे आहे. येथे परीक्षकाचे स्वतःशीच जुळत नव्हते.

या पुराव्यावरून बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला, तो असा की मतभेद हा दोष असून तो नाहीसा करावयास हवा. डीडरिक, फ्रेंच व कार्लटन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा कल निराळा होता. त्यांनी तीनशे निबंध त्रेपन्न वाचकांकडे सोपविले. या वाचकांत प्राध्यापक होते, तसेच लेखक-संपादक, वकील व व्यावसायिकही होते. परीक्षणाचे निकष त्यांना हेतुपुरस्सर दिले नव्हते. नऊ श्रेणींपैकी सात वा अधिक निरनिराळ्या श्रेणी मिळालेले निबंध शेकडा ९४ निघाले. येथवर जुनीच कहाणी. पण संशोधकांनी पुढे या मतभेदाचे पृथक्करण केले, तेव्हा त्या गोंधळात पाच प्रवाह दिसून आले. कोणी मुख्यतः विचारांकडे पाहत होते, कोणी व्याकरण व लेखननियमांकडे, कोणी मांडणीकडे, कोणी शब्दयोजनेकडे, तर कोणी लेखनातून जाणवणाऱ्या व्यक्तिमत्त्वाकडे. म्हणजे वाचक बेजबाबदार नव्हते. प्रत्येकाला काहीतरी खरे दिसत होते, आणि जे एकाला दिसत होते ते दुसऱ्याच्या नजरेतून निसटत होते. सामूहिक चर्चेचे खरे समर्थन करावयाचे तर ते याच भूमीवर करता येते. सरासरी काढणे एवढेच प्रयोजन असते, तर चर्चेची गरजच नव्हती. ब्रिटन, मार्टिन व रोझेन यांनी १९६६ मध्ये इंग्लंडात हे दाखवूनही दिले. एका परीक्षकाच्या बारकाईच्या तपासणीपेक्षा अनेकांनी स्वतंत्रपणे दिलेल्या झटपट गुणांची बेरीज अधिक विश्वसनीय ठरली, आणि त्यासाठी त्यांना एकमेकांशी बोलावेही लागले नाही.

मग बोलण्याने काय साधते? उदाहरणादाखल विदर्भातील चौथीच्या वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय दिला आहे, अशी कल्पना करावी. एका वहीत असे आहे : ‘बैल हा उपयुक्त प्राणी आहे. त्याला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते. तो शेतकऱ्याचा मित्र आहे.’ दुसऱ्या वहीत असे : ‘बाबानं बैल इकला तवा कोनी बोललं नाही. रातीले मी गोठ्यात गेलो. खुट्याले दोर होता. बैल नव्हता.’

पहिल्या वहीवर मतभेद होणार नाही. सात-आठ गुण देऊन सर्वजण पुढे जातील. दुसऱ्या वहीत प्रमाणभाषेच्या दृष्टीने निदान सहा रूपे चुकलेली आहेत, आणि एकट्याने तपासणारा शिक्षक त्या सहा जागी लाल रेघ ओढून तीन-चार गुणांवर थांबण्याचा संभव मोठा आहे. त्यात त्याचा निष्ठुरपणा नसतो. लाल रेघेचे समर्थन पालकांपुढे, मुख्याध्यापकांपुढे, अधिकाऱ्यांपुढे करता येते. त्या गोठ्याने आपल्याला थांबविले, याचे समर्थन कसे करावे हे त्याला ठाऊक नसते. आत्मविश्वासाचा अभाव तो नेमका हा. शिक्षकाला दिसत असते, पण जे दिसले ते बोलून दाखविण्याची भाषा त्याच्यापाशी नसते.

चर्चेत ही भाषा घडू शकते. कोणीतरी ती चार वाक्ये मोठ्याने वाचतो, आणि वाचताना शेवटच्या दोन वाक्यांपाशी आवाज आपोआप मंदावतो. का मंदावला, हे विचारले गेले तर एकजण म्हणेल की दुःख झाले असे मुलाने कोठेच लिहिलेले नाही. दुसऱ्याच्या ध्यानात येईल की विक्री, घरातली मुकी शांतता, रात्र आणि रिकामा खुंटा असा क्रम मुलाने राखला आहे, आणि दोर अगोदर सांगून बैलाचे नसणे अखेरीस ठेवले आहे. ‘खुट्याले’ ही चूक नसून मुलाच्या घरच्या बोलीतील चतुर्थी आहे, ती नियमाने चालते, हे तिसरा सांगेल. ही सारी विधाने वहीवर बोट ठेवून तपासता येतात. कोणाला ती अमान्य असतील तर त्यानेही वहीवरच बोट ठेवावयाचे. पहिल्या वहीविषयीही मग प्रश्न निघेल, की या लेखनात मूल कोठे आहे? तो प्रश्न पुढे नेला तर दोष मुलाकडून विषयाकडे सरकतो. ज्या विषयाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून लिहिले जाते, त्यावर पाठ केलेलेच उत्तर येणार. आपण दिलेला विषयच नि:सत्त्व होता, असे जिच्यातून शिक्षकांना उमगते ती चर्चा गुणांवर एकमत न होताही सफल झाली असे म्हणावयास हवे.

परंतु चर्चा आपोआप या वळणावर जात नाही, आणि तिच्या पुरस्कर्त्यांचे लेखन येथेच अपुरे पडते. माणसे एकत्र बसली की ज्यावर लवकर एकमत होते तिकडे बोलणे घसरते, आणि सर्वांत लवकर एकमत होते ते मोजता येणाऱ्या गोष्टींवर. मराठीत ती गोष्ट म्हणजे शुद्धलेखन. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखविली की वाद संपतो. या एकमताला पाया किती पक्का आहे, हे पाहण्यासाठी १९६२ चे वर्ष आठवावे. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वी ‘नाव’ असे लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत शिक्षक टिंब देत असे. त्यानंतर ‘नांव’ लिहिणाऱ्याच्या वहीतले टिंब तोच शिक्षक खोडू लागला. दोन्ही वेळा गावातील सर्व शिक्षकांचे पूर्ण एकमत असणार. मुलांच्या लेखनशक्तीविषयी मात्र त्या एकमताने काहीच सिद्ध केले नव्हते. लेखनाचे संकेत शिकवावयास नकोत, असा याचा अर्थ नव्हे. ‘विकला’ आणि ‘खुंट्याला’ ही रूपे त्या मुलाला आलीच पाहिजेत, नाहीतर पुढील इयत्तांत त्याचा निभाव लागणार नाही. एवढेच की संकेतांची तपासणी करायला पाच शिक्षकांची बैठक लागत नाही.

इंग्लंडचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. लॉर्ड ब्यू यांच्या २०११ च्या अहवालानंतर तेथे अकरा वर्षांच्या मुलांच्या लेखनाचे मूल्यमापन बाह्य परीक्षेऐवजी शिक्षकांवर सोपविण्यात आले, आणि निर्णयांत समानता यावी म्हणून शाळाशाळांत व स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांकडून पडताळणीच्या बैठका घेतल्या जाऊ लागल्या. २०१६ मध्ये विधानांची एक यादी देण्यात आली. यादीतील प्रत्येक विधान पूर्ण झाल्यावाचून मुलाला ती पातळी देता येत नव्हती. बैठकांचे स्वरूप त्यामुळे बदलले. लेखन चांगले आहे काय हा प्रश्न मागे पडला आणि अर्धविराम सापडतो काय, हा शोध सुरू झाला. अशा शोधात एकमत व्हायला वेळ लागत नाही. २०१७-१८ पासून ही अट सैल करून, एखाद्या विशिष्ट उणिवेमुळे एकूण निर्णय बिघडू नये, असे स्वातंत्र्य शिक्षकांना देण्यात आले. यादीने दिलेला धीर शिक्षकाचा नव्हता, यादीचा होता. ती सैल होताच निर्णयाचा भार पुन्हा शिक्षकाच्या विवेकावर आला.

याच काळात तेथे तुलनात्मक निर्णयाची पद्धतीही प्रसार पावली. तिचे मूळ थर्स्टन यांच्या १९२७ च्या सिद्धांतात आहे. परीक्षकापुढे दोन निबंध येतात. अधिक चांगला कोणता, एवढेच त्याने सांगावयाचे असते. अनेकांच्या अशा शेकडो निवडींतून गणिताने क्रम लावला जातो. विश्वसनीयतेच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम ठरते, आणि ज्येष्ठाच्या मताचा दाब तिच्यात नसतो हा तिचा मोठा गुण. पण ती मुकी आहे. निबंध कितवा आला हे ती सांगते. का, हे सांगत नाही, आणि उद्या त्या मुलाशी काय बोलावे हे तर मुळीच नाही. चर्चेला तिचा पर्याय होऊ शकत नाही. चर्चेपूर्वीची पायरी म्हणून मात्र ती फार उपयोगी आहे, कारण प्रत्येकाचे मत दुसऱ्याच्या मताने रंगण्यापूर्वी तीत नोंदले जाते.

महाराष्ट्रात या विचाराला पोषक अशी चौकट अगोदरच आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि गुणांसोबत वर्णनात्मक नोंदी करण्याचे काम शिक्षकाकडे आले. कल्पना अशी की शिक्षकाने मुलाविषयी स्वतःच्या शब्दांत काही म्हणावे. प्रत्यक्षात नोंदींच्या तयार याद्या हातोहात फिरू लागल्या, आणि ‘स्वतःच्या भाषेत विचार मांडतो’ हे वाक्य दुसऱ्याच्या भाषेतून उतरवून घेतले जाऊ लागले. यात शिक्षकाचा आळस पाहणे अन्यायाचे आहे. एकट्याने, चाळीस मुलांविषयी, कोणाशीही न बोलता नवी वाक्ये सुचत नाहीत. केंद्रातील शाळांचे शिक्षक ज्या शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात, तेथे सूचना व माहितीपत्रके यांतून तासभर जरी वाचविता आला, तरी चार वह्या वाचून होतात.

तो तास कसा घालवावा, याविषयी काही पथ्ये वरील विवेचनातूनच निघतात. नाव, आडनाव आणि शाळा झाकलेली असावी. आडनावावरून जात आणि गावावरून अपेक्षा ठरविण्याची सवय सुजाण माणसालाही असते. गुण आधी प्रत्येकाने कागदावर लिहावेत. लेखन मोठ्याने वाचले जावे. केंद्रप्रमुख उपस्थित असल्यास त्यांनी अखेरीस बोलावे, कारण त्यांनी प्रथम सात म्हटले की उरलेल्यांचे साडेसहा आणि साडेसात आपोआप होतात व त्याला एकमत म्हणण्याची पद्धत आहे. ज्याचे मत शेवटपर्यंत निराळे राहिले, त्याचे कारण टिपून ठेवावे. सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा काढली असता, हार्टोगच्या परीक्षकांप्रमाणे, आपणच बदललो असल्याचे कित्येकांना आढळेल, आणि तेव्हा ते टिपण अधिक उपयोगी पडेल.

बैठकीनंतर वही मुलाकडे परत जाते. विदर्भातल्या त्या कल्पित वहीत बारीक पेन्सिलीने ‘विकला’, ‘तेव्हा’, ‘खुंट्याला’ असे लिहिलेले असावे. शेवटची दोन वाक्ये मोडू नयेत. आणि खाली ‘छान’ किंवा ‘सुधारणा आवश्यक’ असे न लिहिता, दोर तू बैलाच्या आधी लिहिलास ते वाचून थांबायला झाले, असे काही लिहिलेले असावे. गुण सहा की सात, यावर त्या पाच शिक्षकांत अजूनही दोन मते असतील.